दानाची पावती आणि आयकराची सूट



मार्च संपला की विचारणा सुरू होते : “मिशनला दिलेल्या दानावर आयकरात किती सूट मिळेल?” २०२३-२४ चे विवरणपत्र ३१ जुलै २०२४ पर्यंत भरायचे होते; त्या वर्षीच्या नियमांनुसार हा खुलासा.

सूट कशावर मिळते? कलम ८०जी खाली मान्यता असलेल्या संस्थेला धर्मादाय कामासाठी दिलेल्या दानावर. एकाच जातीच्या किंवा धर्माच्या हितासाठी असलेल्या संस्थेला ही सवलत नाही. मात्र अनुसूचित जमाती, अनुसूचित जाती, मागासवर्ग, स्त्रिया व मुले यांच्यासाठीच्या कामाला ती आडकाठी नाही. म्हणून जिंतूर भागातील आंध मुलांच्या शिक्षणासाठी अशा संस्थेला दिलेले दान यात बसते.

कशावर मिळत नाही? रविवारचे अर्पण व दशमांश यांवर नाही. ते धार्मिक कार्यासाठी असतात. सुगीत दिलेली ज्वारी, ब्लँकेटे किंवा केलेली सेवा यांवरही नाही. रु. २,००० हून अधिक रोख दिल्यास त्या रकमेवर सूट नाही. चेकने किंवा ऑनलाइन द्यावे.

किती मिळते? समजा, रु. १०,००० दिले. त्यातील निम्मे, म्हणजे रु. ५,०००, उत्पन्नातून वजा होतात, करातून नव्हे. २० टक्के कर भरणाऱ्याचे उपकरासह रु. १,०४० वाचतात. इतर वजावटींनंतरच्या उत्पन्नाच्या दहा टक्क्यांपर्यंतचेच दान हिशेबात धरतात.

ही सूट फक्त जुन्या करप्रणालीत आहे. २०२३-२४ पासून आपण काही न निवडल्यास नवी प्रणाली लागू होते. नोकरदार व पेन्शनर यांनी दोन्ही हिशेब करून निवड करावी. ज्यांचे उत्पन्न केवळ शेतीचे, त्यांना आयकर नाही, म्हणून सुटीचा प्रश्नही नाही.

नुसती पावती पुरत नाही. संस्था देणगीदारांची माहिती आयकर खात्याला कळवते आणि ३१ मेपर्यंत ‘१०बीई’ प्रमाणपत्र देते. त्यासाठी दान देतानाच पॅन क्रमांक द्यावा.

एक विनंती. मंडळीतील अर्पणाची पावती वसतिगृहाच्या नावे मागू नये. खोट्या दाव्यावर कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो आणि संस्थेची मान्यता धोक्यात येते. मग नुकसान मुलांचे होते.

सूट मिळाली तर जरूर घ्यावी. नाही मिळाली, तरी गरीब विधवेने दोन टोल्या टाकल्या तेव्हा पावती मागितली नव्हती, हे आठवावे.