रिपीटर नेमका कुठे लावायचा?

जळगाव-धुळ्याकडच्या अनेक घरांत चित्र सारखेच असते. ओसरीवर राऊटर, मधे दोन खोल्या आणि मागच्या खोलीत मुलांचा संगणक. ओसरीवर मोबाइलवर व्हिडिओ सुरळीत चालतो. मागे मात्र परीक्षेचा ऑनलाइन अर्ज उघडता उघडत नाही. शेवटची तारीख तोंडावर आली की घाईघाईने रिपीटर आणला जातो आणि संगणकाशेजारच्याच प्लगमध्ये लावला जातो. वायफायच्या पट्ट्या पूर्ण दिसतात, पण अर्ज तरीही उघडत नाही. अशा वेळी दोष बहुधा यंत्राचा नसतो, जागेचा असतो.

भिंतीत काय अडते?

वायफाय म्हणजे रेडिओ लहरी. त्या साधारण २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झला चालतात. पहिल्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, दुसरीची सुमारे सहा. २.४ची लहर भिंतीपलीकडे अधिक पोहोचते. ५ची वेगवान, पण लवकर क्षीण होते. धाब्याच्या घरांच्या जाड मातीच्या भिंती या लहरी शोषतात, पावसाळ्यात ओल धरली की आणखीच. लोखंडी कपाट आणि पत्रा त्यांना परतवून लावतात. रावेर-यावलकडे केळीच्या बागेतून शेतघरापर्यंत वायफाय नेताना हाच अनुभव येतो, कारण पाण्याने भरलेली पानेही लहरी शोषतात.

रिपीटर इंटरनेट तयार करत नाही. तो राऊटरचा संदेश ऐकतो आणि पुन्हा पाठवतो. जिथे त्यालाच नीट ऐकू येत नाही, तिथून तो पुढे काय सांगणार? संगणकाशेजारी भरलेल्या पट्ट्या रिपीटरच्या असतात, राऊटरच्या नव्हे. म्हणून त्याची जागा राऊटर आणि संगणक यांच्या साधारण मध्यावर, जिथे मोबाइलवर राऊटरच्या निम्म्याहून अधिक पट्ट्या दिसतात तिथे. साधा रिपीटर एकाच लहरीवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो. अर्ज भरायला तेवढा पुरतो.

जोडणी अशी करावी

आधी रिपीटर राऊटरजवळ लावावा. दिवा स्थिर झाला की राऊटरवरचे डब्ल्यूपीएस बटण दाबावे आणि दोन मिनिटांच्या आत रिपीटरवरचे. बटण नसेल तर रिपीटरच्या लेबलवर छापलेला पत्ता मोबाइलच्या ब्राउझरमध्ये उघडून घरचे वायफाय निवडावे आणि पासवर्ड द्यावा. जोडणी झाल्यावर तो मधल्या खोलीत हलवावा. संगणकात वायफायची सोय नसेल तर बहुतेक रिपीटरना लॅन केबलचे छिद्र असते. तिथून संगणकाला केबल जोडली की काम होते. उन्हाने तापणारी भिंत आणि कपाटामागची जागा टाळावी; खान्देशच्या उन्हाळ्यात यंत्र आधीच गरम असते.

तब्येतीला धोका आहे का?

झोपायच्या खोलीत आणखी एक यंत्र आले की घरातली मोठी माणसे ही शंका हमखास काढतात. वायफायच्या लहरी क्ष-किरणांसारख्या नसतात. पेशीतील अणूंचे आयनीकरण करण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओ लहरींना ‘२बी’ म्हणजे ‘कर्करोगास कदाचित कारणीभूत’ या गटात ठेवले. पुरावा मर्यादित असला तरी शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही, असा त्याचा अर्थ. घरगुती रिपीटरची प्रक्षेपणशक्ती साधारण दशांश वॅट असते आणि अंतर दुप्पट झाले की लहरींची तीव्रता एक चतुर्थांशावर येते. ज्या नियमामुळे मागच्या खोलीत वायफाय पोहोचत नाही, तोच नियम इथे दिलासा देतो. तरीही मन मानत नसेल तर रिपीटर उशाशी न ठेवता दोन हात लांब लावावा आणि रात्री बंद करावा.

मात्र अर्जाच्या शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये. वीज गेली की राऊटर आणि रिपीटर दोन्ही बंद पडतात, आणि त्यावर कोणतीही जागा उपाय नाही.