एका औषधाला चकवणारा विषाणू

पावसाळ्यात महाड-पोलादपुरात कुणाला कावीळ झाली की पहिला संशय पाण्यावर जातो. तो बरोबरही असतो. हेपॅटायटिस ए आणि ई दूषित पाण्यातून पसरतात. हेपॅटायटिस सी मात्र रक्तातून पसरतो आणि बहुतेकांचे डोळे पिवळे न करता वर्षानुवर्षे यकृत पोखरतो. पुढे सिरॉसिस किंवा कर्करोग होऊ शकतो.

या आजारावर आता बारा आठवड्यांच्या गोळ्या आहेत. बहुतेक रुग्णांना सोफोस्बुविर आणि डॅक्लाटासविर अशी दोन औषधे एकत्र दिली जातात. एकच का नको, या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेत सापडते.

हा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला, पण प्रयोगशाळेतील पेशींत तो वाढत नव्हता. १९९९ मध्ये जर्मनीतील राल्फ बार्टेनश्लागर यांच्या गटाने त्याच्या जनुकीय साखळीचा काही भाग यकृताच्या कर्करोगपेशींत वाढवून दाखवला. हा भाग, म्हणजे ‘रेप्लिकॉन’, स्वतःच्या प्रती काढतो. मात्र संसर्ग करू शकेल असा पूर्ण विषाणू त्यातून तयार होत नाही.

चाचणीची युक्ती सोपी आहे. पेशींना मारणाऱ्या एका रसायनापासून संरक्षण देणारे जनुक रेप्लिकॉनला जोडतात. काचेच्या बशीत ते रसायन घातले की रेप्लिकॉन असलेल्या पेशीच जगतात. मग विषाणूविरोधी औषध घालतात. रेप्लिकॉन नष्ट झाला की संरक्षण जाते आणि पेशी मरते. काही आठवड्यांनी बशीत जिवंत पेशींचे ठिपके उरले, तर तिथला रेप्लिकॉन औषधाला दाद देत नाही असे समजते. एकाच औषधाने असे ठिपके उरतात. वेगवेगळ्या ठिकाणी मारा करणारी दोन औषधे एकत्र दिली की ते फारच कमी होतात.

असे होते कारण रुग्णाच्या शरीरात रोज सुमारे एक लाख कोटी विषाणू तयार होतात आणि प्रती काढताना झालेल्या चुका दुरुस्त होत नाहीत. डॅक्लाटासविरला चकवायला कधी कधी एकच चूक पुरते. सोफोस्बुविरला चकवणारा विषाणू सहसा दुबळा असतो. दोन्हींना एकदम चकवणे त्याला फार अवघड जाते.

म्हणूनच बरे वाटले तरी एक गोळी सोडणे किंवा उपचार मध्येच थांबवणे धोक्याचे आहे. महाड-पोलादपूरच्या डोंगराळ वाड्यांमध्ये आणखी एक अडचण येते. जुलै २०२१ मध्ये तळिये, केवनाळे, साखर सुतारवाडी येथे दरडी कोसळल्या, तेव्हा रस्तेही बंद झाले. पावसाळ्यात उपचार सुरू असतील, तर गोळ्या संपण्याआधीच पुढच्या घेऊन ठेवाव्यात.

२८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सरकारी केंद्रांत तपासणी आणि उपचार मोफत मिळतात. डायलिसिसवर असलेल्यांनी, वीस-पंचवीस वर्षांपूर्वी रक्त चढवलेल्यांनी आणि वापरलेली सुई टोचली गेल्याची शंका असणाऱ्यांनी एकदा रक्त तपासून घ्यावे. पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली, तरी विषाणू आजही रक्तात आहे का, हे दुसऱ्या चाचणीनेच कळते. उपचार पूर्ण करणाऱ्या शंभरांपैकी नव्वदहून अधिक रुग्ण बरे होतात.