परतीचे तिकीट कोणाच्या हातात?

दुसऱ्याचे मूल सांभाळणे हे काम आहे, ही गोष्ट आपला समाज अजून मनापासून मान्य करीत नाही. धुणेभांडी करणाऱ्या बाईच्या श्रमाचा काही हिशेब तरी होतो. इतकी माणसे, इतकी भांडी, इतके पैसे. मूल सांभाळणारीच्या वाट्याला मात्र 'ती घरातलीच आहे' हे वाक्य येते आणि या वाक्याबरोबर हिशेबाची वही मिटते. मूल तिला मावशी म्हणते. हे नाते ती कामावर असेपर्यंतचे असते.

म्हणून महानगरात असे काम शोधत फिरणाऱ्या बाईविषयी लिहिताना तिच्या मायेबद्दल फार बोलू नये असे मला वाटते. माया असतेच. तिच्यावर कविता करणारेही पुष्कळ आहेत. आपण विचारायचा प्रश्न वेगळा आहे. काम मिळवताना, करताना आणि सुटताना जे कागद लागतात ते कोणाच्या ताब्यात असतात? हा प्रश्न अगदी उघडावाघडा दिसतो तो शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या लंडनमध्ये, आणि तेथे कामाची वाट पाहत बसलेल्या बाया मुंबई, मद्रास, कलकत्त्याच्या बंदरांतून गेलेल्या, आपल्याच होत्या. तेव्हा आधी लंडन पाहू, मग मुंबईकडे येऊ.

'आया' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. इंग्रजांनी तो उचलला आणि साहेबांच्या बंगल्यांतून तो देशभर पसरला. बंगल्यातील नोकरांची उतरंड जातीवरच रचलेली होती. खानसामा वेगळा, भिस्ती वेगळा, मेहतर वेगळा. साहेबाच्या मुलाचे हागमूत काढायला सवर्ण हिंदू स्त्री येणे शक्यच नव्हते. त्यामुळे आया ही बहुधा ख्रिस्ती, मुसलमान किंवा अस्पृश्य मानलेल्या जातींतील असे. उत्तरेत तर ती पुष्कळदा मेहतराच्याच घरातली असे. ज्या हाताचा गावात विटाळ होई त्याच हातात राज्यकर्त्यांचे मूल वाढत होते. पण साहेबाने विटाळ मानला नाही याचा अर्थ त्याने बरोबरी मानली असा कोणी काढू नये. १७६५ च्या सुमारास जोशुआ रेनॉल्ड्स या नामांकित इंग्रज चित्रकाराने जॉर्ज क्लाइव्हच्या कुटुंबाचे चित्र काढले. नवरा, बायको, मुलगी आणि त्या मुलीला सावरून धरणारी हिंदी बाई अशी चार माणसे त्यात आहेत. चित्राच्या नावात क्लाइव्हचे नाव आले आहे. ती बाई मात्र नुसती 'हिंदी मोलकरीण' आहे.

साहेबाचे कुटुंब मायदेशी निघाले की जहाजावर मुलांना पाहायला आया लागे. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला, प्रवास काही आठवड्यांवर आला आणि मुंबई हे या वाहतुकीचे मोठे दार बनले. समुद्र ओलांडला तर धर्म बुडतो असे मानणाऱ्यांच्या घरातून या नोकरीला कोणी येणार नव्हते. ज्यांना धर्माने आधीच बाहेर बसवले होते, किंवा ज्यांचा धर्मच वेगळा होता, त्या बाया गेल्या. काहींनी तर हाच धंदा केला. अँथनी परेरा या नावाने नोंदल्या गेलेल्या एका आयेने हा प्रवास चोपन्न वेळा केल्याचे १९२२ मध्ये सांगितले गेले. आजारी मुले, बोट लागलेल्या मडमा, खवळलेला समुद्र आणि अरुंद केबिन, या सर्वांतून मुलाला सुखरूप पार नेणे हे कसबाचे काम आहे. चोपन्न वेळा ते पार पाडणाऱ्या माणसाला दुसऱ्या कोणत्याही धंद्यात उस्ताद म्हटले असते.

लंडनला उतरल्यावर मुख्य अडचण सुरू होई. इंग्लंडात घरी पोचल्यावर कुटुंबाला आयेची गरज उरत नसे. तेथे दुसऱ्या दाया स्वस्तात आणि त्यांच्याच भाषेत बोलणाऱ्या मिळत. जाताना परतीच्या प्रवासाचे वचन दिलेले असे. बहुतेक वेळा ते तोंडी असे. काहींनी वचन पाळले, काहींनी बाईला रस्त्यावर सोडले. १९०८ मध्ये एका आयेला किंग्ज क्रॉस स्टेशनवर हातात एक पौंड ठेवून सोडून दिल्याचे प्रकरण नोंदलेले आहे. परक्या देशात भाषा तुटकी, थंडी हाडात शिरणारी आणि ओळखीचे माणूस एकच, तेही निघून गेलेले. अशा बायांसाठी कामाचा शोध म्हणजे परत हिंदुस्थानात निघालेले एखादे कुटुंब शोधणे. त्या मूल सांभाळणार आणि त्या बदल्यात बोटीवर जागा मिळवणार. 'टाइम्स'सारख्या वृत्तपत्रांत तशा जाहिराती येत.

या गरजेतून लंडनमध्ये आयांचे वसतिगृह उभे राहिले. ते आधी आल्डगेट भागात होते. १९०० मध्ये लंडन सिटी मिशन या ख्रिस्ती संस्थेने ते आपल्याकडे घेऊन हॅक्नी भागात, किंग एडवर्ड रोडवर २६ क्रमांकाच्या घरात नेले. १९२१ मध्ये ते त्याच रस्त्यावरील ४ क्रमांकाच्या घरात गेले. हिंदी आयांबरोबर चिनी आमाही तेथे राहत. वर्षाला शंभरच्या आसपास बाया येऊन जात. धर्मोपदेश होई, भजने होत, शिवणकाम चाले. हे सर्व ठीक. मला महत्त्वाची वाटते ती वसतिगृह चालवण्याची आर्थिक युक्ती.

ती अशी. आयेला घेऊन आलेले कुटुंब तिचे परतीचे तिकीट तिच्या हाती न देता वसतिगृहाच्या व्यवस्थापिकेकडे देई. हिंदुस्थानात जाणाऱ्या दुसऱ्या कुटुंबाला आया हवी असली की ते व्यवस्थापिकेकडे येई आणि ते तिकीट विकत घेई. तिकिटाबरोबर आया मिळे. आलेल्या पैशातून बाईच्या मधल्या काळातील राहण्याजेवण्याचा खर्च भागे. पाहायला गेले तर यात कोणाचेच नुकसान नाही. कुटुंबाची जबाबदारी संपली, दुसऱ्या कुटुंबाला आया मिळाली, संस्थेचा खर्च निघाला आणि बाई घरी पोचली. पण या सर्व व्यवहारात तिकीट एकदाही बाईच्या हातात येत नाही. ती केव्हा निघणार, कोणाबरोबर निघणार, हे ज्याच्याकडे तिकीट आहे तो ठरवतो. रस्त्यावर झोपण्यापेक्षा हे शंभरपट बरे होते, यात वाद नाही. पण हा दयाळूपणा बाईला निर्णयाचा हक्क देत नव्हता, हेही तितकेच खरे.

जाता जाता एक गोष्ट नोंदवतो. वसतिगृह हॅक्नीत चालू होते त्याच काळात, १९२१-२२ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच शहरात किंग हेन्रीज रोडवर राहून अर्थशास्त्राचा अभ्यास करीत होते. त्यांचे ते घर २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने घेतले आणि तेथे स्मारक झाले. हॅक्नीतील आयांच्या घरावर निळी स्मृतिपाटी लागायला २०२२ साल उजाडावे लागले, तेही स्थानिक मोहिमेनंतर.

आता मुंबई. बोट गेली, मडम गेली. काम शोधण्याच्या पद्धतीचा सांगाडा मात्र ओळखीचा वाटावा असा आहे.

मुंबईत मूल सांभाळण्याचे काम तीन वाटांनी मिळते. पहिली वाट ओळखीची. त्याच इमारतीत काम करणारी बहीण, जाऊ, शेजारीण किंवा वॉचमन नाव सुचवतो. दुसरी ब्युरोची. ब्युरोवाला घरमालकाकडून पैसे घेतो आणि कित्येकदा बाईच्या पहिल्या पगारातूनही कापतो. काही ब्युरोंत बाईचे मूळ आधार कार्ड 'सुरक्षिततेसाठी' ठेवून घेतात. तिसरी वाट नवी, फोनवरची; त्यात बाईचा फोटो, वय, भाषा, जेवणाची सवय असे सारे मांडून ठेवलेले असते. बाळंतिणीपाशी चाळीस दिवस राहायचे काम, बारा तासांचे काम, चोवीस तासांचे काम असे प्रकार आहेत. चोवीस तासांचे काम म्हणजे काय, हे शब्दशः घ्यावे. रात्री मूल उठले की तीच उठते.

घरी बोलावल्यावर जी चौकशी होते तिच्यात तऱ्हा आहेत. गाव कोणते, नवरा काय करतो, मुले किती हे विचारणे समजू शकते. आडनाव विचारल्यानंतर जो थोडा वेळ शांततेत जातो त्याचा अर्थ आपल्या वाचकांना सांगायला नको. जात विचारली असे कोणी म्हणत नाही. 'आमच्याकडे देवाचे असते', 'तुम्ही मच्छी-मटण खाता का', 'किचनमध्ये तुम्हाला जावे लागणार नाही' अशा वाक्यांनी ते काम होते. म्हणून कित्येक बाया आडनाव बदलून सांगतात किंवा नुसते नाव सांगून थांबतात. आणि विसंगती पाहा: त्या घरात मुलासाठी खिमट शिजवायला तिचे हात चालत नाहीत, पण तेच खिमट मुलाला भरवायला चालतात. तिचा कप वेगळा असतो. मूल मात्र दिवसभर तिच्या कडेवर. विटाळाचे शास्त्र सोयीपुरते वाकते, हे आपण गावात पाहिले होते. शहरात ते विसाव्या मजल्यावर, वेगळ्या लिफ्टने जाऊन पाहायला मिळते.

पुढे कागद. पोलीस पडताळणीचा अर्ज मालक भरतो. इमारतीच्या फाटकावरचा पास मालकाच्या सांगण्यावरून निघतो आणि त्याच्याच सांगण्यावरून बंद होतो. काम सुटल्याचे काही बायांना वॉचमनकडून कळते. पुढच्या कामासाठी आधीच्या घराचा चांगला शब्द लागतो, तोही मालकाकडे. बाईने मात्र या घरात आधी कोण होती, ती का गेली, पगार वेळेवर देतात का, घरातले पुरुष कसे आहेत, हे विचारले तर तिला आगाऊ म्हणतात. विश्वासाची कागदपत्रे एकाच बाजूने मागितली जातात. मुलाला काही लागले, घरातली एखादी वस्तू सापडेना, तर संशय कोणावर येणार हेही ठरलेले.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. १८ ते ६० वयाच्या घरकामगारांची त्यात नोंदणी होते. हा कायदा कल्याणाचा आहे, वेतनाचा नाही. किती तास, किती पगार, किती सुट्ट्या यावर तो बोलत नाही. कर्नाटकाने २००४ मध्येच घरकामाचा किमान वेतनाच्या यादीत समावेश केला होता. शिवाय आपल्याकडील नोंदणीच्या अर्जासोबत बाई कामावर असल्याचा मालकाचा दाखला लागतो. परतीच्या तिकिटाची आठवण येते ती इथे. पुष्कळ मालक दाखल्यावर सही करायला कचरतात. आपण 'मालक' आहोत हे त्यांना कागदावर नको असते. २०२१ च्या निर्बंधांच्या काळात शासनाने नोंदणीकृत घरकामगारांना दीड हजार रुपयांची मदत जाहीर केली, तेव्हा ज्यांच्याकडे हा दाखला कधीच आला नव्हता त्या बाया त्या दीड हजारांपासूनही दूर राहिल्या.

लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात घर हेही कामाचे ठिकाण मानले आहे आणि घरकामगार स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. ही मोठी गोष्ट आहे, पण आपल्या जिल्ह्याची समिती कोठे बसते हे किती बायांना, किंबहुना किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ मध्ये घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार केला. कामाच्या अटी बाईला समजतील अशा सांगाव्यात, शक्यतो लेखी असाव्यात. तिची ओळखपत्रे आणि प्रवासाची कागदपत्रे तिच्याजवळच राहावीत. परदेशी नेलेल्या कामगाराच्या परतीच्या अटी ठरलेल्या असाव्यात, असे त्यात आहे. किंग्ज क्रॉसवर उभ्या राहिलेल्या बाईला जे हवे होते तेच १०३ वर्षांनी कलमांत उतरले. भारताने त्या कराराच्या बाजूने मत दिले, पण त्याला मंजुरी मात्र दिलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०२५ च्या निकालात घरकामगारांसाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करणारी समिती नेमण्यास केंद्राला सांगितले.

कायद्याची वाट पाहत बसण्याची आपली परंपरा नाही. १९८० मध्ये पुण्यातील मोलकरणींनी आधी काम थांबवले, संघटना त्यातून उभी राहिली. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी या खर्चाचा भार मालकावरही पडला पाहिजे अशी भूमिका घेतली होती. ते विधेयक गिरणी-कारखान्यांतील बायांचे होते. दुसऱ्याचे तान्हे सांभाळण्यासाठी स्वतःचे तान्हे थोरल्या मुलीवर टाकून जाणारी बाई त्या कायद्याच्या बाहेरच राहिली, आणि ती थोरली मुलगी शाळेच्या बाहेर. अंगणवाडी काही तासांची असते. बारा तासांच्या कामाला ती पुरत नाही. हा प्रश्न घरकामगारांच्या मागण्यांत वर यायला हवा. तो मजुरीइतकाच शिक्षणाचाही प्रश्न आहे.

वस्तीत काम करणाऱ्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना आज करता येण्यासारखे एक काम आहे. साध्या मराठीत एक पानाचा करार छापून घ्यावा. त्यात कामाचे तास, पगार, पगाराची तारीख, आठवड्याची सुट्टी, रात्रीचे काम असल्यास त्याचे वेगळे पैसे, काम थांबवायचे तर किती दिवस आधी सांगायचे, एवढे असावे. मालकाचा मंडळासाठीचा दाखला त्याच दिवशी, त्याच कागदाच्या मागे, सही करून घ्यावा. काम सुटताना तो मागायला गेले तर मिळत नाही. ओळखीचा शब्द संघटनेने आपल्या शिक्क्यासह द्यावा. ब्युरोत ठेवलेले मूळ आधार कार्ड आणायला बाईबरोबर दोघी-तिघींनी जावे. कराराच्या दोन प्रती कराव्यात आणि तिची प्रत मालकाच्या कपाटात न ठेवता तिच्या घरी, रेशनकार्डाबरोबर ठेवावी.