दीड एकरातला संशोधक

घोडबंदरच्या दुकानांत तांदळाची पोती ओळीने मांडलेली असतात. त्यांतल्या एखाद्या पोत्यावर ‘एचएमटी’ असे लिहिलेले दिसते. गिऱ्हाईक दाणा निरखते, भाव विचारते आणि पाच-दहा किलो बांधून घेते. घड्याळाच्या कंपनीचे नाव तांदळाला कसे, असा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. पडायला हवा. कारण त्या नावाआड एका माणसाचे उभे आयुष्य दडलेले आहे.

घोडबंदरला भाताचे अप्रूप नव्हते. खाडीच्या काठाने मिठागरे होती, खाचरे होती. आता तेथे इमारती उभ्या आहेत आणि भात परगावाहून पोत्यांतून येतो. ‘एचएमटी’चे मूळ गाव तर राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातले नांदेड. मराठवाड्यातले शहर नव्हे, त्याच नावाचे खेडे. आपण इकडे ज्याला भात म्हणतो त्याला तिकडे धान म्हणतात. आपली लावणी म्हणजे त्यांची रोवणी, आपले खाचर म्हणजे त्यांची बांधी. त्या गावात दादाजी रामाजी खोब्रागडे नावाचे एक दलित शेतकरी राहत असत. शाळा तिसरीपर्यंत, जमीन नावापुरती.

१९८३ साली त्यांच्या शेतात ‘पटेल-३’ हे त्या काळी चलतीत असलेले धान उभे होते. त्यात दोन-तीन लोंबी त्यांना वेगळ्या वाटल्या. दुसऱ्या कुणी त्या इतर धानाबरोबर कापून टाकल्या असत्या. दादाजींनी त्या निराळ्या काढून जपून ठेवल्या. पुढच्या हंगामात ते मूठभर बी वेगळे पेरले आणि जनावरांपासून सांभाळले. पीक आले, त्यातून पुन्हा निवड केली. असे वर्षामागून वर्ष चालले.

हे काम दिसते तेवढे सोपे नाही. भाताचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते, म्हणून वेगळ्या निघालेल्या रोपाचा गुण पुढच्या पिढीत टिकण्याची शक्यता असते. पण ती शक्यताच. भेसळ काढावी लागते, दाणा एकसारखा होईपर्यंत निवडत राहावे लागते, शिजवून चव पाहावी लागते. संशोधन केंद्रात यासाठी प्रयोगाचे वाफे असतात, पगारी माणसे असतात. दादाजींकडे होते ते घरच्यांच्या पोटाचे शेत. प्रयोगाला दिलेला प्रत्येक वाफा घरच्या कणगीतून वजा होत होता. ही जोखीम एकट्याची नव्हती, साऱ्या कुटुंबाची होती.

दाणा बारीक निघाला, उतारा चांगला पडला, भात चवीला उतरला. गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याने ते धान लावले आणि १९९० च्या सुमारास तळोधीच्या बाजारात नेले. वाणाला नाव नव्हते. त्या दिवसांत एचएमटीचे घड्याळ म्हणजे घरोघरीची प्रतिष्ठा. व्यापाऱ्याने तेच नाव धानाला देऊन टाकले. पुढे हे वाण महाराष्ट्राबाहेर छत्तीसगड, मध्य प्रदेश, आंध्र, तेलंगणापर्यंत पसरले. एचएमटीचा घड्याळांचा व्यवसाय गुंडाळण्याचा निर्णय २०१६ साली झाला. तांदूळ मात्र चालूच आहे.

१९९४ मध्ये डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाहीच्या केंद्राने दादाजींकडून हे बियाणे नेले आणि १९९८ मध्ये ‘पीकेव्ही-एचएमटी’ या नावाने वाण बाहेर आले. आपले श्रेय डावलले गेले, ही दादाजींची तक्रार. मूळ बियाण्यात भेसळ होती, ते आम्ही शुद्ध केले, हे विद्यापीठाचे म्हणणे. शुद्धीकरणाचे काम खरे असेलही. पण ज्या लोंबीचे शुद्धीकरण झाले ती हजारो लोंबींतून वेगळी ओळखली कुणी, याचे उत्तर त्याने बदलत नाही.

मान मिळाला नाही असे नाही. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार २००५ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते झाला. २०१० साली ‘फोर्ब्स’ने देशातल्या ग्रामीण उद्योजकांच्या यादीत त्यांना घेतले. राज्य सरकारने सुवर्णपदक दिले. अडचणीत ते विकायला काढले तेव्हा सोने अस्सल नसल्याचे निघाले. बातम्या झाल्यावर ते बदलून मिळाले. मुलाच्या आजारपणात स्वतःची जमीन विकावी लागली होती. पुढे नातेवाइकाने दिलेल्या दीड एकरावर हा माणूस नवी वाणे काढत राहिला. नांदेड चिन्नोर, विजय नांदेड, दीपक रत्न आणि स्वतःच्या नावाची आद्याक्षरे असलेले डीआरके. बियाणे मागायला आलेल्याला ते रिकाम्या हाताने पाठवत नसत.

अखेरच्या काळात पक्षाघाताने ते अंथरुणाला खिळले. ३ जून २०१८ रोजी गडचिरोलीजवळच्या शोधग्राममध्ये उपचार चालू असताना त्यांचे निधन झाले.

शेतकऱ्याने घडवलेल्या वाणाची त्याच्या नावे नोंद व्हावी, त्यातून होणाऱ्या लाभात त्याला वाटा मिळावा, अशी तरतूद करणारा कायदा देशात २००१ साली झाला. तोवर एचएमटी बांधाबांधावरून कितीतरी दूर गेले होते. हातोहात दिलेल्या बियाण्याची पावती कोण ठेवतो? दादाजींनी ती ठेवली नाही म्हणून वाण वेगाने पसरले, आणि ठेवली नाही म्हणूनच घर रिते राहिले. त्यांच्या औदार्याचे गोडवे गाताना त्याची किंमत त्यांच्या बायकामुलांनी मोजली, हे विसरून चालणार नाही.

हे काही एकट्या दादाजींचे नाही. ठाणे-रायगडच्या खारजमिनीत काळा राता, भुरा राता ही खारे पाणी सोसणारी भाते पिढ्यान्‌पिढ्या होत आली. समुद्राच्या पाण्याने बाकीचे पीक जळून गेल्यावर उभे राहिलेले रोप कुणीतरी हेरले असणार, त्याचे बी वेगळे काढले असणार. त्या ‘कुणीतरी’ला आपल्याकडे नाव नाही. दादाजींचे नाव, गाव, साल, सगळे आपल्याला ठाऊक आहे. तरीही त्यांच्या तांदळाच्या पोत्यावर नाव आहे ते घड्याळाचेच.