पिवळा कपलर

मराठवाड्यात मोटारीचं स्टेअरिंग उतरवायची वेळ बहुधा उन्हाळ्यात येते, आणि दोष स्टेअरिंगचा नसतोच. एसी थंड करत नाही म्हणून गाडी गॅरेजात लागते. गॅस भरला तरी आठ-पंधरा दिवसांत पुन्हा गरम हवा. मग मिस्त्री सांगतो, कूलिंग कॉइल लीक आहे, डॅशबोर्ड उतरवावा लागेल. कितीतरी गाड्यांत ही कॉइल डॅशबोर्डच्या आत खोल बसवलेली असते, आणि डॅशबोर्ड बाहेर घ्यायचा तर बहुतेक गाड्यांत आधी स्टेअरिंग काढावं लागतं. पारा बेचाळीसच्या वर, लग्नसराई चालू, गाडीवाल्याचा दर तासाला फोन. नांदेडच्या वर्कशॉप कॉर्नरला काय किंवा लातूरच्या औसा रोडला काय, मे महिन्यात हे काम असंच घाईगर्दीत येतं.

इतर कारणंही आहेत. हॉर्न वाजेनासा होतो. स्टेअरिंगवरची बटणं मुकी होतात. इंडिकेटरचा कॉम्बिनेशन स्विच जातो. सोयाबीनच्या पोत्यांशेजारी महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीचं वायरिंग उंदरांनी कुरतडलेलं असतं आणि मीटरवर एअरबॅगचा दिवा कायमचा पेटून राहतो. यातल्या कुठल्याही दुरुस्तीची वाट स्टेअरिंगवरून जाते, आणि आजच्या स्टेअरिंगच्या मधोमध, हॉर्नच्या पॅडखाली, दारूगोळ्याच्या जातीची एक वस्तू बसलेली असते.

ही वस्तू पूर्वी आपल्याकडच्या साध्या गाड्यांत नव्हती. १ जुलै २०१९पासून देशात विकल्या जाणाऱ्या मोटारींना चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. शेजारच्या सीटसाठीचा नियम २०२१मध्ये आला. नव्या मॉडेलना १ एप्रिलपासून आणि आधीपासून विक्रीत असलेल्यांना, मुदतवाढीनंतर, त्याच वर्षाच्या अखेरीपासून. सहा एअरबॅगांच्या सक्तीचा मसुदा नितीन गडकरींच्या खात्याने जानेवारी २०२२मध्ये काढला होता. ती सक्ती पुढे झाली नाही, पण कंपन्या आपणहून तिकडे सरकल्या. याचा गॅरेजशी संबंध असा, की त्या पहिल्या सक्तीच्या गाड्या आता वॉरंटीतून बाहेर पडल्या आहेत. शोरूमचं बिल परवडत नाही म्हणून एमएच-२४ आणि एमएच-२६च्या त्या गाड्या चाकूर, अहमदपूर, लोह्याच्या रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडखाली येऊ लागल्या आहेत. कायदा शोरूमपर्यंत २०१९ साली पोचला. या शेडपर्यंत तो आत्ता पोचतो आहे.

आणि इथेच खरी अडचण आहे. गॅरेजातली सगळी विद्या ‘करून बघू’ या दोन शब्दांवर उभी आहे. आवाज ऐकायचा, नट थोडा आवळायचा, पुन्हा ऐकायचा. चुकलं तर उकलायचं, परत बसवायचं. आमच्या भागातले उस्ताद इंजिनाला कान लावून टॅपेटचा दोष सांगतात. पुस्तक न उघडता गिअरबॉक्स उतरवून जोडतात. ही कला अस्सल आहे आणि तिचा मला अभिमान आहे. पण एअरबॅग हा गाडीतला असा भाग आहे जो करून बघता येत नाही. तिला आवाज नाही, गळती नाही, ती तापत नाही. ती एकदाच काम करते. तिच्याशी वागायचे नियम आधी माहीत असावे लागतात, चुकून शिकायची सोय नाही.

तिचा जन्म एका बापाच्या काळजीतून झाला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचे जॉन हेट्रिक १९५२ साली पत्नी आणि लहान मुलीला घेऊन मोटारीने चालले होते. वाटेत अडथळा चुकवताना गाडी रस्त्याकडेच्या चरात गेली. ब्रेक दाबता दाबता नवराबायको दोघांनी मुलीला सावरायला हात आडवे घातले. त्या रात्री हेट्रिकना नौदलातली एक घटना आठवली: दुरुस्तीला घेतलेला टॉर्पेडो, त्यातली दाबलेली हवा अचानक सुटून क्षणात फुगलेलं त्यावरचं कॅनव्हासचं आच्छादन. १९५३मध्ये त्यांना पेटंट मिळालं. त्याच सुमारास जर्मनीत वॉल्टर लिंडरर यांनीही अशीच कल्पना नोंदवली होती. पण दाबलेली हवा पुरेशा वेगाने पिशवीत जाईना, आणि टक्कर ओळखणारं भरवशाचं यंत्र नव्हतं. तो सेन्सर ॲलन ब्रीड यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस बनवला. हवेची जागा रसायनाने घेतली आणि १९८०च्या अखेरीस मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आजच्या धर्तीची एअरबॅग आली. हेट्रिकना त्यातून पैसा मिळाला नाही. कंपन्यांनी ती मनावर घेईपर्यंत पेटंटची मुदत संपली होती.

आतलं काम असं चालतं. टक्कर झाली की सेन्सर गाडीचा वेग किती झपाट्याने तुटला ते मोजतो आणि कंट्रोल युनिट विजेचा छोटा झटका पाठवतं. पॅडमागच्या धातूच्या डब्यात बारीक तार तापते, तिच्याभोवतीची दारू पेटते आणि रसायनाच्या वड्या जळून वायू तयार होतो. पूर्वी या वड्या सोडियम अझाइडच्या असत, आता बहुतेक ग्वानिडीन नायट्रेटच्या असतात. साठेक लिटरची नायलॉनची पिशवी सेकंदाच्या तिसाव्या-चाळिसाव्या भागात फुगते. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. चालकाचं डोकं पिशवीवर टेकेपर्यंत तिच्या मागच्या भोकांतून वायू बाहेर पडू लागलेला असतो, म्हणून ती अंग झेलते. पण फुगतानाच्या पहिल्या क्षणी जो तिच्या अगदी जवळ असेल त्याला ती झेलत नाही, ती त्याला मारते. छाती आणि स्टेअरिंगच्या मध्यात किमान पंचवीस सेंटीमीटर अंतर ठेवा असं सांगतात ते यासाठी. स्टेअरिंग काढणाऱ्या मिस्त्रीचं तोंड बरोबर त्याच पंचवीस सेंटीमीटरच्या आत असतं.

काम सुरू होतं ते चाकं सरळ करण्यापासून. मग इग्निशन बंद, किल्ली बाहेर, बॅटरीची निगेटिव्ह तार काढून बाजूला, पुन्हा टेकणार नाही अशी. त्यानंतर थांबायचं. हे थांबणं म्हणजे या कामाचा गाभा आहे, आणि घाईत पहिला बळी त्याचाच जातो. बॅटरी काढली की वीज गेली, असं एरवी गाडीत कुठेही मानून चालतं. एअरबॅगच्या बाबतीत चालत नाही. समोरासमोरच्या टकरीत बॅटरीच आधी चिरडण्याचा संभव असतो. तेव्हाही पिशवी उघडली पाहिजे म्हणून कंट्रोल युनिटमध्ये वीज साठवणारा कपॅसिटर मुद्दाम ठेवलेला असतो. बॅटरी काढल्यावरही तो काही काळ भरलेला राहतो. कुठली कंपनी दीड मिनिट थांबायला सांगते, कुठली तीन, कुठली त्याहून जास्त. माहीत नसेल तर दहा मिनिटं थांबावं, त्यात काही बिघडत नाही. जी रचना अपघातात जीव वाचवते तीच गॅरेजात जीवावर उठू शकते, हे एकदा समजलं की मिस्त्री आपोआप थांबतो. नुसतं ‘थांब’ म्हटलं तर पोरगं थांबत नाही. कारण सांगितलं तर थांबतं.

मग हाताला गाडीचा उघडा धातू लावून अंगातली स्थिर वीज उतरवायची. पॅड काढायच्या दोन तऱ्हा आहेत. काही गाड्यांत स्टेअरिंगच्या मागून स्टारचे बोल्ट असतात. काहींत बाजूच्या किंवा मागच्या भोकांतून बोथट पेचकस घालून आतली स्प्रिंग दाबावी लागते, आणि एकेक लॉक सुटत पॅड मोकळं होतं. कुठल्या गाडीला भोकं कुठे, हे कंपनीच्या पुस्तकात दिलेलं असतं. अंदाजाने पेचकस खुपसत बसणं धोक्याचं. पॅड सुटलं तरी ओढायचं नाही, कारण मागे कपलर असतो, पिवळा. गाडीत पिवळं आवरण दिसलं की ती तार एअरबॅगची किंवा सीट बेल्ट खेचणाऱ्या यंत्राची, ही खूण जवळपास सगळ्या कंपन्यांनी पाळली आहे. कपलरचं छोटं लॉक उचलून तो सरळ काढायचा. तो निघाला की त्यातली धातूची बारीक पट्टी दोन्ही पिना आपसांत जोडून टाकते, म्हणजे भटकी वीज आत शिरली तरी तारेच्या दोन टोकांत फरक पडत नाही. बनवणाऱ्याने किती पुढचा विचार केला आहे बघा.

इथे आपले इलेक्ट्रिशियन एक गोष्ट हमखास करू पाहतात: मीटर लावून तार चालू आहे का बघणं. बाकी प्रत्येक वायरीला ही सवय चांगली, इथे नाही. टेस्ट लॅम्प तर मुळीच नाही. लॅम्पमधून जाणारी वीज डब्यातली तार तापवायला पुरू शकते. एअरबॅगचा दोष शोधायचा तो स्कॅनरने.

काढलेलं पॅड अंगापासून दूर, तोंड बाहेरच्या बाजूला करून न्यायचं आणि मोकळ्या टेबलावर तोंड वर करून ठेवायचं. वर काही ठेवायचं नाही. पालथं ठेवलेलं पॅड उडालं तर पिशवी टेबलाला रेटा देते आणि धातूचा अख्खा डबा वर फेकला जातो. वेल्डिंग आणि ग्राइंडरपासून ते लांब हवं, आणि आमच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या चटक्यापासूनही.

यापुढचं काम जुन्या वळणाचं. मधला नट सैल करायचा, पण पूर्ण काढायचा नाही, दोन-तीन आटे ठेवायचे. नाहीतर ओढताना स्टेअरिंग अचानक सुटतं आणि दात हलवतं. दांडा आणि स्टेअरिंग यांवर जुळणीची खूण करायची. सुटत नसेल तर पुलर लावायचा. दांड्यावर हातोडी मारणं ही जुनी खोड आहे आणि ती आता महाग पडते, कारण अपघातात छातीत घुसू नये म्हणून हा दांडा आत दबेल असा बनवलेला असतो.

स्टेअरिंगखाली जी प्लॅस्टिकची चकती दिसते ती क्लॉक स्प्रिंग. तिच्यात फितीसारखी चपटी केबल गुंडाळलेली असते, आणि स्टेअरिंग फिरलं तरी एअरबॅग, हॉर्न, बटणं यांची वीज तुटत नाही ती तिच्यामुळे. अर्ध्याअधिक तक्रारींचं मूळ इथेच निघतं. ती मधोमध ठेवून बसवावी लागते: हलक्या हाताने एका बाजूला टोकापर्यंत फिरवायची, मग पुस्तकात दिलेले वळसे, बहुतेकदा अडीचच्या आसपास, उलट घेऊन बाण जुळवायचा. एका बाजूला ताणून बसवली तर गाडी दुसऱ्या दिवशी पूर्ण वळण घेते आणि आतली केबल तुटते. दोन मिनिटांच्या या जुळणीवर काही हजारांचा भाग वाचतो.

परत बसवताना नट दिलेल्या टॉर्कनेच आवळायचा, कपलर ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबायचा, बॅटरी सगळ्यांत शेवटी. पहिल्यांदा इग्निशन चालू करताना आत कुणी बसलेलं नसावं. खिडकीतून हात घालून किल्ली फिरवावी. एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागतो आणि विझतो. तो विझला नाही तर दोष आहे. आणि तो मुळात लागलाच नाही तर त्याहून मोठा दोष आहे.

हे जुनी गाडी घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. अपघातात पिशवी उघडली की पॅड, कंट्रोल युनिट, कित्येकदा क्लॉक स्प्रिंग आणि बेल्टही बदलावे लागतात, खर्च मोठा. तो वाचवायला काहीजण फाटलेल्या जागी नुसतं कव्हर चिकटवतात आणि कपलरमध्ये दोन-तीन ओमचा रेझिस्टर घालून दिवा विझवतात. कुणी दिव्याचंच कनेक्शन तोडतो. २०२४मध्ये दिल्ली पोलिसांनी बनावट एअरबॅग बनवणारी टोळी पकडली होती, तो माल सगळ्या राज्यांत खपत असणार. हे काम करणाऱ्याला मी मिस्त्री म्हणत नाही. गाडी घेणारं कुटुंब एअरबॅग आहे या भरवशावर महामार्गावर उतरतं, आणि स्टेअरिंगच्या मध्यात पोकळी असते. दिवा लागतो का, विझतो का हे स्वतः बघा आणि स्कॅनर लावून घ्या.

चांगली एअरबॅगही बेल्टशिवाय अपुरी आहे. ३ जून २०१४ रोजी गोपीनाथ मुंडे दिल्लीत मागच्या सीटवरून अपघातात गेले, तेव्हा मागच्या बेल्टची चर्चा मराठवाड्यात घरोघर झाली आणि काही महिन्यांत विरली. मुलांची गोष्ट याहून गंभीर. डिसेंबर २०२४मध्ये नवी मुंबईच्या वाशीत पुढच्या सीटवर बसलेला सहा वर्षांचा मुलगा एअरबॅग उघडल्यावर दगावला. मूल मांडीवर घेऊन पुढे बसण्याची आपली रीत मायेची आहे, पण ती मोडायला हवी. आणि डॅशबोर्डवर डाव्या बाजूला गणपतीची किंवा महाराजांची जड मूर्ती चिकटवू नये. तिच्याखाली बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचं झाकण असतं. श्रद्धेला दुसरी जागा शोधता येते.

जुन्या गाड्यांबद्दल आणखी एक. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगांत अमोनियम नायट्रेट होतं. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने ते बिघडे, आणि उघडताना डबा फुटून धातूचे तुकडे उडत. जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलवल्या गेल्या, भारतातल्याही. कंपनी २०१७मध्ये दिवाळखोरीत गेली. आपली गाडी त्यात आहे का हे बनवणाऱ्या कंपनीकडे चासी नंबर देऊन कळतं, आणि असेल तर भाग फुकट बदलून मिळतो. हे काम बाहेर करायचं नाही, तिथेच करून घ्यायचं.

राहिला प्रश्न न उडालेल्या जुन्या पॅडचा. ते भंगारात देऊ नये. भंगारवाला ते कापतो किंवा जाळतो, आणि आत दारू आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. कंपनीच्या सेंटरला ते परत करावं. तिथे ठरलेल्या रीतीने, लांबून वीज देऊन ते उडवतात. हेच दाखवायला आयटीआयचं मोकळं मैदान उत्तम जागा आहे. नांदेड आणि लातूर या दोन्ही ठिकाणी मोटार मेकॅनिकची पोरं शिकतात, लातूरला पुरणमल लाहोटी तंत्रनिकेतन आहे, नांदेडला गुरु गोविंद सिंगजींच्या नावाची अभियांत्रिकी संस्था आहे. कंपनीच्या माणसाने वर्षातून एकदा तिथे येऊन एक पॅड सर्वांसमोर उडवून दाखवावं, त्या दिवशी रस्त्याकडेच्या गॅरेजवाल्यांनाही बोलवावं, आणि जाताना प्रत्येकाच्या हातात मराठीतला एक कागद द्यावा: कुठल्या गाडीला निगेटिव्ह काढल्यावर किती मिनिटं थांबायचं.