धाप आणि धास्ती

जिन्याच्या दुसऱ्या वळणावर धाप लागते. सीओपीडी या फुफ्फुसांच्या जुनाट आजाराच्या रुग्णाला ती रोजचीच; पण 'आता श्वास परत आलाच नाही तर?' हा विचार डोक्यात शिरला, की श्वास आणखी भरभर चालू लागतो. या आजारात श्वासनलिका अरुंद झालेल्या असतात. हवा आत जाते, बाहेर पडायला मात्र वेळ घेते. घाबऱ्याघुबऱ्या श्वासात उच्छ्वास पुरा होत नाही, जुनी हवा छातीतच साठते आणि नव्या श्वासाला जागा उरत नाही. मग धाप वाढते, तिच्यामागोमाग भीती. 'सगळे मनाचे खेळ' म्हणून उडवून लावणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

पुढे माणूस जिना टाळतो, भजनाला जात नाही, लग्नकार्यात 'तुम्हीच जाऊन या' म्हणतो. पायांचे स्नायू दुबळे होतात आणि तेवढ्याच कामाला जास्त दम लागतो. घरचे म्हणतात, वय झालं. त्याखालचं नैराश्य कुणाला दिसत नाही. पण त्यामुळेच औषधाचा पंप (इनहेलर) घ्यायचा राहतो, विडी सुटत नाही, दवाखान्याच्या फेऱ्या वाढतात.

त्यात औषधांची भर. साल्ब्युटामॉलच्या पंपाने कधी हात थरथरतात, छाती धडधडते. रुग्णाला वाटतं दम वाढला, तो पुन्हा पंप मारतो. झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेणं तर त्याहून धोक्याचं. त्यांतल्या काही श्वासच मंद करतात.

विडीला कधी हात न लावता निव्वळ चुलीच्या धुराने हा आजार जडलेल्या बायका आपल्या खेड्यापाड्यांत आहेत. त्यांना श्वासाचा व्यायाम फुंकणीवरूनच सांगावा: नाकाने श्वास घ्या, फुंकणीला लावता तसे ओठ करा, पण जोर न लावता, घेतला त्याच्या दुप्पट वेळ सोडत राहा. साठलेली हवा बाहेर पडते. 6 ते 8 आठवड्यांच्या फुफ्फुस-पुनर्वसनात याच्या जोडीला चालणं, स्नायूंचे व्यायाम आणि समुपदेशन असतं. त्याने धापेसोबत चिंता आणि नैराश्यही कमी होतं. तरीही चिठ्ठीवर ते क्वचितच लिहिलं जातं, हे खटकतं.

बोलताना वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर थेट रुग्णालय गाठा. एरवी पुढच्या तपासणीत डॉक्टरांना झोप, भीती आणि उदासीबद्दलही सांगा. मनावरचा ताण बोलून दाखवायचा असेल, तर 'टेली-मानस' या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. तिथे मराठीतही बोलता येतं.