डोंगरात रेंज नाही, तरी फोन रस्ता कसा दाखवतो? ट्रेल रनिंग करताना मी शिकलेला धडा

मागच्या जुलैमधली गोष्ट. मी आणि माझा ऑफिसमधला मित्र कात्रज ते सिंहगड पळत निघालो होतो. जुन्या कात्रज बोगद्यापासून सुरू होणारी ही वाट पुण्याच्या ट्रेकर मंडळींना चांगलीच माहीत आहे. एकामागून एक टेकड्या चढायच्या, उतरायच्या आणि शेवटी सिंहगड. निम्मी वाट झाली आणि धुकं उतरलं. दहा पावलांवरचं दिसेना. एका ठिकाणी वाटेला दोन फाटे फुटले. फोन काढला, तर स्क्रीनवर निळा ठिपका आणि त्याच्या भोवती नुसता करडा रंग. नकाशा गायब! बॅटरी ११ टक्के.

आम्ही अंदाजाने डावीकडे उतरलो. वीसेक मिनिटांनी एक गुराखी मामा भेटले. म्हणाले, "पोरांनो, खाली कुठं निघालात? ही वाट ओढ्यात जाते. पावसाचं तिथं जायचं नाय." मुकाट्याने परत वर चढलो. मामा भेटले नसते तर काय, हा विचार अजूनही मनात येतो.

घरी आल्यावर डोक्यात एकच प्रश्न होता. ठिपका दिसत होता, मग नकाशा का नाही?

ठिपका वेगळा, नकाशा वेगळा

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत सिग्नल पाठवत असतात. आपला फोन त्यांना काहीच पाठवत नाही, रेडिओसारखा फक्त ऐकतो. सिग्नल पोचायला किती वेळ लागला यावरून तो प्रत्येक उपग्रहाचं अंतर काढतो. आपली जागा ठरवायला किमान ४ उपग्रह लागतात. तीन का नाही? कारण फोनचं घड्याळ उपग्रहातल्या अणुघड्याळाइतकं अचूक नसतं, ती चूक दुरुस्त करायला चौथा लागतो.

या सगळ्यात सिम किंवा इंटरनेट कुठेच नाही. म्हणून रेंज नसतानाही ठिपका बरोबर जागी होता. पण त्याच्या खालचं नकाशाचं चित्र इंटरनेटवरून येतं. ते मी आधी डाउनलोड केलंच नव्हतं.

नेटवर्कचा एक फायदा मात्र असतो. उपग्रह आत्ता कुठे आहेत ही माहिती फोनला नेटवरून पटकन मिळते. नेट नसेल तर तीच माहिती उपग्रहाच्या सिग्नलमधून हळूहळू घ्यावी लागते. त्यामुळे पळायला सुरुवात करण्याआधी एक-दोन मिनिटं मोकळ्या आभाळाखाली थांबा आणि ठिपका स्थिर होऊ द्या.

बॅटरी कोण खातं?

आपण सगळा दोष जीपीएसला देतो. तेही बॅटरी खातंच, पण डोंगरात दुसरा चोर असतो तो म्हणजे कमजोर रेंज. टॉवर लांब असला की फोन जास्त ताकद लावून त्याला शोधत बसतो, तेही तासन् तास. त्यात आपण दर पाच मिनिटांनी स्क्रीन उघडून किती झालं ते बघतो.

उपाय सोपा आहे. एअरप्लेन मोड लावा आणि लोकेशन चालू ठेवा. रन रेकॉर्ड होत राहतो. अडचण आली तर मोड काढून ११२ लावा. आपल्या कंपनीची रेंज नसली, तरी जवळ दुसऱ्या कंपनीचा टॉवर असेल तर हा कॉल लागू शकतो.

किलोमीटरही फसवतात

त्या दिवशी चुकलेल्या वाटेसकट माझ्या फोनने १७.१ किलोमीटर दाखवले, मित्राच्या घड्याळाने १८.४. दोघं बरोबरच होतो! कारण असं की जीपीएस ठरावीक वेळाने एकेक बिंदू घेतं आणि ते सरळ रेषेने जोडतं. वळणावळणाच्या वाटेवर दोन बिंदूंमधलं वळण कापलं जातं आणि अंतर कमी भरतं. दाट झाडीत किंवा कड्याजवळ सिग्नल हलला, की बिंदू इकडेतिकडे उड्या मारतात आणि अंतर वाढतं.

शिवाय डोंगरात नुसतं अंतर बघून चालत नाही. ट्रेल रनिंगमध्ये एक हिशोब वापरतात: दर १०० मीटर चढाईला १ किलोमीटर जास्त धरायचा. म्हणजे १६ किलोमीटर अंतर आणि १,००० मीटर चढ असेल, तर मेहनत २६ किलोमीटरची. रोडवर १६ सहज पळणारे इथे पाणी आणि वेळ दोन्ही कमी घेऊन येतात, ते याचमुळे. चढावर चालायला लागलं तर लाजू नका, अनुभवी रनरही चालतात.

निघण्याआधी एवढं कराच

• त्या भागाचा ऑफलाइन नकाशा डाउनलोड करा. एअरप्लेन मोड लावून तो घरीच उघडून बघा.
• वाटेची जीपीएक्स फाइल ॲपमध्ये टाका. मग ठिपका रेषेवरून सरकला की लगेच कळतं.
• फोन प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, छोटी पॉवर बँक आणि केबलही घ्या.
• कुठून निघणार आणि किती वाजेपर्यंत पोचणार, हे घरी सांगा.
• फाटा आला की थांबून बघा. पळता पळता बघू नका.

एवढा त्रास आहे तर पळायचंच कशाला, असं आई अजून विचारते. आठवडाभर स्क्रीनसमोर बसल्यावर ओल्या मातीवरून उतार पळताना डोक्यात फक्त पुढचं पाऊल असतं, हे तिला कसं समजावू? त्या दिवशी आम्ही उशिरा का होईना, गडावर पोचलो. चिखलाने माखलेले पाय पसरून पिठलं-भाकरी खाल्ली, वर मडक्यातलं दही. ऑगस्टमध्ये पुन्हा गेलो. त्याच फाट्यावर पुन्हा धुकं होतं. या वेळी फोनमध्ये नकाशा होता, आम्ही उजवीकडे वळलो.